घरजागेचा व्यवहार आणि वकिलाची निवड

शेतकरी बैल घेण्यासाठी बाजारात जातो तेव्हा तो बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याला चालवून पाहतो, आणि ओळखीच्या चार माणसांना विचारल्यावाचून दावे हाती घेत नाही. बियाणे घेताना तो पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचतो. परंतु जो व्यवहार आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करावयाचा, ज्यात वीसपंचवीस वर्षांची शिल्लक एका दिवसात दुसऱ्याच्या हाती जाते, तो घरजागेचा व्यवहार मात्र कित्येकदा रजिस्ट्री कचेरीबाहेर लिहिलेला कागद न वाचताच पुरा केला जातो. बैल खोडकर निघाला तर पुढच्या बाजारी विकता येतो. जागेचा कागद खोटा निघाला तर त्याचे ओझे मुलांना व नातवंडांना वाहावे लागते.

अहमदपूर तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी अहमदपुरात किंवा लातुरात घर घेण्याच्या विचारात असतात. शिरूर ताजबंद, किनगाव, हाडोळती यांसारख्या गावांतही जुने वाडे विकले जातात आणि रस्त्यालगतच्या शेतांत प्लॉट पडतात. अशा व्यवहारात वकील कशासाठी लागतो, तो कसा निवडावा आणि त्याच्याकडून नेमके कोणते काम करून घ्यावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

वकिलाचे काम कोणते?

इंग्लंडमध्ये घराच्या खरेदीविक्रीचे काम पाहणाऱ्या वकिलास सॉलिसिटर म्हणतात. मुंबईत ही उपाधी आजही चालते. परंतु आपल्या देशात १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिली करणाऱ्यांचा एकच वर्ग ठरविला आहे. तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायालयात काम करणारा सनदधारक वकील हाच आपला सॉलिसिटर होय.

येथे तीन व्यक्तींच्या कामातील फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. पहिली व्यक्ती म्हणजे दस्तलेखक अथवा अर्जनवीस. तो आपण सांगू तो मजकूर कायद्याच्या भाषेत लिहून देतो. विकणारा खरोखर मालक आहे किंवा नाही, हे शोधणे त्याचे काम नव्हे. दुसरी व्यक्ती म्हणजे दुय्यम निबंधक. लिहून देणारी माणसे तीच आहेत काय, त्यांना दस्त कबूल आहे काय, मुद्रांक शुल्क पुरेसे आहे काय, हे तो पाहतो. मालकी कोणाची, याचा निवाडा तो करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात हेच स्पष्ट केले आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमान्वये नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यास विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार नाही. म्हणून ‘रजिस्ट्री झाली म्हणजे सर्व काही पक्के झाले’ ही समजूत चुकीची आहे. जो मालक नाही त्यानेही खरेदीखत करून दिले तर त्याची नोंद होऊ शकते, आणि घेणाऱ्याच्या हाती केवळ छापील कागद राहतो.

मालकीचा शोध घेणे हे तिसऱ्या व्यक्तीचे, म्हणजे वकिलाचे काम आहे. वकील सदोष मालकी निर्दोष करू शकत नाही, परंतु दोष कोठे आहे हे पैसे देण्यापूर्वी सांगू शकतो. त्याची फी आपण या माहितीसाठी देतो.

मराठवाड्यातील कागदांचा विशेष

आपल्या भागातील मिळकतीचे कागद पुणे किंवा नाशिककडील कागदांहून निराळे आहेत, आणि म्हणून वकीलही त्या कागदांचा जाणता हवा. अहमदपूर तालुका निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत निलंगा व उदगीर या तालुक्यांबरोबर तो मुंबई राज्यात आला व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यास जोडला गेला. १९८२ साली लातूर जिल्हा निर्माण झाल्यावर तो लातूर जिल्ह्यात आला. पुढे तालुक्यांची फेररचना होऊन चाकूर व जळकोट हे तालुकेही झाले. एकाच जमिनीचा जुना कागद एका जिल्ह्याच्या नावाने, मधला दुसऱ्या आणि आजचा तिसऱ्या जिल्ह्याच्या नावाने असू शकतो. तो कोठे शोधावयाचा, हे वकिलास ठाऊक असले पाहिजे.

निजामी अमलातील दस्त व सरकारी अभिलेख बहुधा उर्दूत आहेत, घरगुती कागद मोडीत आहेत. त्यांवर फसली सन असतो व महिन्यांची नावे आजर, दै, बहमन अशी असतात. फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन अदमासे येतो. फसली १३५० चा कागद म्हणजे सुमारे १९४० सालचा. किंमत हाली सिक्का रुपयात लिहिलेली आढळते. असा कागद घरात असल्यास तो जाणकाराकडून वाचवून घ्यावा. ‘जुना आहे, काय उपयोग’ म्हणून तो फेकू नये, आणि तो वाचता येत नाही म्हणून बाजूला ठेवणाऱ्या वकिलावर काम सोपवू नये.

शेतजमिनीतून निघालेला प्लॉट घ्यावयाचा असेल तर आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात. १९५४-५५ सालच्या खासरा पाहणी पत्रकात मालक व कब्जेदार म्हणून कोणाची नावे आहेत, ही पहिली. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. त्याखाली संरक्षित कुळास मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर अटी आहेत. त्या पाळल्या गेल्या काय, ही दुसरी. जमीन पूर्वी इनाम होती काय, ही तिसरी. व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेले मदतमाश इनाम आणि देवस्थान, दर्गा, मशीद यांच्या सेवेसाठी दिलेले खिदमतमाश इनाम यांचे नियम भिन्न आहेत. देवस्थानाची वा वक्फची जमीन पुजाऱ्याने किंवा मुजावराने विकली म्हणून ती घेणाऱ्याची होत नाही. चौथी गोष्ट सातबाऱ्यावरील धारणाप्रकाराची. भोगवटादार वर्ग २ असे लिहिले असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न येतो. अकृषिक परवानगी व मंजूर रेखांकन यांचीही तपासणी करावी. एक-दोन गुंठ्यांच्या खरेदीस १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचाही संबंध येतो. या कायद्यात अलीकडच्या वर्षांत वारंवार बदल झालेले आहेत. म्हणून आपल्या जागेस आज कोणता नियम लागू आहे, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. शेजाऱ्याच्या पाच वर्षांपूर्वीच्या रजिस्ट्रीवर विसंबू नये.

गावठाणातील घराचा कागद

गावठाणातील घराला सातबारा नसतो. तेथे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा दाखविला जातो. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे. कर कोणाकडून घ्यावयाचा, एवढेच तो सांगतो. थोरल्या भावाचे नाव तेथे असले म्हणून तो एकटा मालक ठरत नाही. नगरपरिषदेच्या कर आकारणीच्या उताऱ्याचेही तसेच आहे. नगरभूमापन झालेल्या ठिकाणी मिळकत पत्रिका मिळते, तिचे मोल याहून अधिक आहे. खेड्यांतील गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची ‘स्वामित्व’ योजना केंद्र शासनाने एप्रिल २०२० मध्ये सुरू केली. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी अशा मोजणीचा प्रयोग त्यापूर्वीच झाला होता. आपल्या गावची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिकेची नक्कल घेऊन ती वकिलापुढे ठेवावी. घर गायरानावर किंवा अन्य सरकारी जागेवर असेल तर वर्षानुवर्षांची घरपट्टीची पावतीसुद्धा मालकी देत नाही, हे विसरू नये.

फेरफाराविषयीही गैरसमज फार आहे. महसुली नोंद खरी आहे असे कायदा गृहीत धरतो, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे.

वाटेकरी कोण, हा खरा प्रश्न

आपल्याकडील बहुतेक तंटे खोट्या कागदांपेक्षा सुटून गेलेल्या वाटेकऱ्यांमुळे उद्भवतात. समजा, एका गावात माळवदाचा सहा खणांचा वाडा आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे आणि लग्न होऊन परगावी गेलेली एक मुलगी आहे. नमुना ८ वर थोरल्याचे नाव लागले. थोरल्याने वाडा विकला, धाकट्याने साक्षीदार म्हणून सही केली आणि रजिस्ट्री झाली. आईला व मुलीला कोणी विचारले नाही. दोन वर्षांनी मुलीने वाटपाचा दावा लावला. घेणाऱ्याने तोवर माळवद उतरवून पत्रे घातले आहेत, न्हाणीघर बांधले आहे. आता त्याचे काय होईल?

वाडा वडिलांच्या स्वकष्टाचा असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमाप्रमाणे आई, दोन मुलगे व मुलगी असे चौघे समान वारस होतात. वडिलोपार्जित असेल तर मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ साली केली. ९ सप्टेंबर २००५ पासून ती सर्व देशास लागू झाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे थोरला आपल्या वाट्यापेक्षा अधिक काही विकू शकला नाही. याहून कठीण गोष्ट अशी की, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील वाटा परक्याने घेतल्यास त्यास घरच्या माणसांबरोबर एकत्र कब्जा मागता येत नाही. त्याला वाटपाचा दावा करावा लागतो. तसा दावा त्याने केला की १८९३ च्या वाटप अधिनियमाच्या कलम ४ खाली घरचा वाटेकरी न्यायालयाने ठरविलेल्या किमतीत त्याचा वाटा विकत घेऊ शकतो. पुरी किंमत मोजून घेणारा घराबाहेर आणि विकणारा पैसे खर्चून मोकळा, अशी अवस्था होते.

येथे जाणत्या वकिलाने सुरुवातीलाच तीन प्रश्न विचारले असते: मूळ मालक कोण, तो केव्हा वारला, आणि त्याच्या मागे कोण कोण आहेत? मग वंशावळ लिहून घेऊन त्याने आईची व मुलीची सही खरेदीखतावरच घेतली असती, किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून घेतले असते. मुलीला तिच्या वाट्याचे पैसे देऊन सही घेणे हे न्यायाचेही आहे आणि घेणाऱ्याच्या हिताचेही. साक्षीदाराची सही म्हणजे लिहून देणाऱ्याची सही नव्हे, हेही त्याने धाकट्याच्या बाबतीत सांगितले असते.

वारसांत कोणी अज्ञान असेल तर अधिक जपावे. अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मिळकत १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून पालकाला विकता येत नाही. तशी विक्री झाल्यास ते मूल सज्ञान झाल्यावर ती रद्द करून मागू शकते. मुस्लिम कुटुंबात वारसांचे वाटे निराळ्या नियमांनी ठरतात, तेथे मुलीचा व विधवेचा वाटा ठरलेला असतो. वकील त्या नियमांचा माहीतगार असावा.

वकील कसा शोधावा?

वकिलांना जाहिरात करण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. म्हणून मोठा फलक किंवा मोबाइलवर फिरणारी स्तुती ही निवडीची कसोटी होऊ शकत नाही. ज्यांनी मागील पाचसात वर्षांत घर किंवा प्लॉट घेतला आणि ज्यांचा व्यवहार सुरळीत पार पडला, अशा दोनतीन कुटुंबांना विचारावे. ज्यांचा व्यवहार बिघडला त्यांनाही विचारावे, कारण त्यांच्याकडून अधिक शिकावयास मिळते. तालुक्याच्या वकील संघातही चौकशी करता येते.

नाव कळल्यावर पुढील गोष्टी पाहाव्या:

१. तो महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेचा सनदधारक आहे काय? सनदेचा क्रमांक विचारण्यात अपमान नाही. सनद नसता न्यायालयात वकिली करणे हा गुन्हा आहे.

२. त्याचे मुख्य काम दिवाणी व महसुली आहे काय? फौजदारी कामात नावाजलेला वकील मालकीच्या शोधात तितकाच निष्णात असेल असे नाही. अस्थिरोगाच्या वैद्याकडे आपण डोळे दाखवावयास जात नाही.

३. दुय्यम निबंधक, तहसील व भूमी अभिलेख या कचेऱ्यांत तो स्वतः जाऊन शोध घेतो, की केवळ कारकून पाठवितो?

४. त्याचा या व्यवहारात स्वतःचा काही संबंध आहे काय? विकणाऱ्याचा नातलग, प्लॉट पाडणाऱ्याचा भागीदार, किंवा दलालाकडून ज्याला नित्य कामे मिळतात असा वकील चांगला असला तरी आपल्या कामासाठी टाळावा.

५. तो अडचण सांगतो काय? पहिल्याच भेटीत, कागद न पाहता, ‘काही काळजी करू नका, सर्व मी पाहतो’ असे म्हणणाऱ्यापेक्षा ‘अमुक कागद आणा, तोवर इसार देऊ नका’ असे बजावणारा वकील बरा.

दोन्ही पक्षांनी मिळून एकच वकील करावा, खर्च वाचेल, असे मध्यस्थ सुचवितो. हे मान्य करू नये. घेणाऱ्याचे हित दोष शोधण्यात आहे आणि विकणाऱ्याचे हित पैसे पुरते मिळण्यात आहे. एकाच्या बाजूने काम केलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध बाजूचे काम करू नये, असा विधिज्ञ परिषदेचाही नियम आहे. बँकेचे कर्ज घेऊन घर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. बँकेचा वकील जो अहवाल देतो तो बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असतो. फीचे पैसे आपल्याकडून घेतले तरी तो आपला वकील होत नाही.

काम व फी लेखी ठरवावी

‘रजिस्ट्री करून द्या’ एवढेच सांगितले तर तेवढेच काम होते. म्हणून प्रारंभीच कामाची यादी लिहून घ्यावी. तीत किमान पुढील कामे असावी: मागील तीस वर्षांचा सूची क्रमांक दोनमधून शोध, सर्व मूळ कागदांची पाहणी, वंशावळ व वाटेकऱ्यांची खात्री, कर्ज व बोजाची चौकशी, न्यायालयात दावा चालू आहे काय याची चौकशी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मालकीहक्काबद्दल स्वतःच्या सहीचा लेखी अहवाल, इसारपावती व खरेदीखताचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजर राहणे, आणि त्यानंतर फेरफार अथवा नगरपरिषदेतील नावबदल पुरा होईपर्यंत पाठपुरावा.

तीस वर्षे का, असा प्रश्न पडेल. गहाण ठेवलेली मिळकत सोडविण्यासाठी १९६३ च्या मुदत अधिनियमाने तीस वर्षांची मुदत दिली आहे. तेवढ्या काळात घर गहाण पडले असेल तर ते सोडविण्यास कोणी अजूनही पुढे येऊ शकतो. मूळ मालकाचा वारसाहक्क किंवा इनामाचा प्रश्न असल्यास तीस वर्षांच्याही मागे जावे लागते.

सहकारी सोसायटीच्या पीककर्जाकडे लक्ष द्यावे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे सभासदाने जमिनीवर बोजा लिहून दिला असता, तो फेडल्यावाचून व त्या कलमाविरुद्ध केलेली विक्री निरर्थक ठरते. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना यासाठीच वाचावयाचा असतो. सोसायटीचे बेबाकी प्रमाणपत्र आणण्यास सांगावे.

फीचा आकडा, ती केव्हा व किती हप्त्यांत द्यावयाची, शोधाचा व नोटिशीचा खर्च तीत धरला आहे काय, हे सर्व एका कागदावर घ्यावे व प्रत्येक रकमेची पावती मागावी. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी शासनाकडे भरावयाची असते, ती वकिलाच्या फीहून निराळी. तिचे दर वेळोवेळी बदलत असल्यामुळे ते दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रत्यक्ष विचारून घ्यावे. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवणे वकिलास बंधनकारक आहे. दावा चालवावा लागल्यास निकालातील मिळकतीचा वाटा फी म्हणून ठरविणे नियमबाह्य आहे. असा वाटा मागणाऱ्यापासून दूर राहावे.

मूळ कागद वकिलाकडे द्यावे लागले तर त्यांची यादी करून पोच घ्यावी. शक्यतो नकलाच द्याव्या आणि मूळ कागद फक्त दाखवावे.

इसारापासून नोंदीपर्यंत

इसार देण्यापूर्वी वकिलाकडे जावे. इसार दिल्यावर जाणे म्हणजे पेरणी झाल्यावर बियाण्याची उगवण तपासण्यासारखे आहे. इसारपावतीत पूर्ण किंमत, मुदत, चतुःसीमा, बोजा कोणी फेडावयाचा, आणि मालकीत दोष आढळल्यास इसार परत मिळेल, ही अट असावी. इसारपावतीने किंवा साठेखताने घर आपले होत नाही. शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मुद्रांकाच्या कागदावर नोटरीपुढे केलेली ‘बाँडवरील खरेदी’, किंवा केवळ मुखत्यारपत्र देऊन केलेला व्यवहार हा मालकी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. विकणाऱ्याने करार मोडल्यास तो पुरा करून घेण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, आणि घेणाऱ्याला आपण पैशानिशी तयार होतो हे सिद्ध करावे लागते. म्हणून ‘पाहू पुढच्या सुगीला’ असे म्हणत बसू नये.

पैसे बँकेमार्फत द्यावे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय रोख दिलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही. सही झालेला दस्त चार महिन्यांच्या आत नोंदणीस हजर केला पाहिजे. त्यानंतर तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, फेरफाराची नोंद होऊन हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. ती नोंद मंजूर होऊन नवा उतारा हाती आला म्हणजे काम पुरे झाले असे समजावे.

विकणाऱ्यासही वकील हवा

विकणाऱ्याला वाटते, आपल्याला काय, पैसे मिळाले की झाले. परंतु पैसे मिळण्यापूर्वीच सही झाली तर? कायद्याने किंमत ‘दिलेली किंवा देण्याचे कबूल केलेली’ असली तरी विक्री पुरी होऊ शकते. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका शेतजमिनीच्या प्रकरणात निकाल दिला की, किमतीचा मोठा भाग मिळाला नाही, एवढ्या कारणाने नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही. विकणाऱ्यास पैशांसाठी दावा करता येईल, जमीन परत मिळणार नाही. त्या प्रकरणात खरेदीखतात धनादेशांचे तपशील देऊन किंमत मिळाल्याचे लिहिलेले होते. यास्तव पुढील तारखांचे धनादेश घेऊन ‘सर्व रक्कम भरून पावली’ या वाक्याखाली सही करू नये. रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करावी आणि मगच कबुली द्यावी. खरेदीखत मोठ्याने वाचून घ्यावे, आणि गट क्रमांक, क्षेत्र, दिशा व किंमत यांचे आकडे अक्षरी लिखाणाशी ताडून पाहावे.

फीची ऐपत नसेल तर

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग, बालके, आणि शासनाने ठरविलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या व्यक्ती यांना विनामूल्य विधी सेवा मिळते. या सेवेत न्यायालयातील दाव्याबरोबर कायदेशीर सल्ल्याचाही समावेश आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते. ज्या बहिणीला ‘कोऱ्या कागदावर सही कर’ असे सांगितले जाते, तिने सही करण्यापूर्वी या समितीकडे अवश्य जावे.

वकिलाने फसवणूक किंवा गैरवर्तन केल्यास राज्य विधिज्ञ परिषदेकडे अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. परिषद ताकीद देऊ शकते, सनद काही काळ स्थगित करू शकते किंवा नाव कमी करू शकते. मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे सेवेतील उणिवेची तक्रार करता येत नाही. म्हणून लेखी ठरलेले काम, पावत्या व अहवालाची प्रत यांचे महत्त्व दुप्पट झाले आहे.

ग्रामसेवकांनी काय करावे?

ग्रामसेवकाने, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, स्वतः वकील सुचवू नये, त्याने पक्षपाताचा संशय येतो. परंतु तीन गोष्टी तो निश्चित करू शकेल. नमुना ८ चा उतारा देताना तो मालकीचा पुरावा नव्हे, हे घेणाऱ्यास तोंडी सांगावे. ग्रामसभेत वर्षातून एकदा वारसनोंदीचा विषय घ्यावा आणि मयतांच्या सर्व वारसांची, विशेषतः मुलींची व विधवांची, नावे लावून घेण्यास लोकांना प्रवृत्त करावे. तसेच तालुका विधी सेवा समितीस गावी बोलावून एक शिबिर भरवावे व लोकांनी आपापले कागद तेथे दाखवावे.

शेतकरी बंधुभगिनींनो, घर विकत घेण्याची घाई नेहमी दुसऱ्याला असते. ‘आज इसार दिला नाही तर उद्या दुसरा घेईल’ असे सांगितले जाते. दुसरा घेत असेल तर खुशाल घेऊ द्यावे. शोधाला पंधरावीस दिवस लागले, फीचे काही हजार रुपये गेले आणि शेवटी वकिलाने ‘घेऊ नका’ म्हटले, तरी तो खर्च वाया गेला असे मानू नये. विहीर खणण्यापूर्वी पाणी पाहणाऱ्यास आपण पैसे देतोच, आणि त्याने ‘येथे पाणी नाही’ म्हटले तर खणण्याचा खर्च वाचला म्हणून समाधान मानतो. घरजागेच्या व्यवहारातही हाच शहाणपणा धरावा. आज संध्याकाळी पेटी उघडून आपल्या स्वतःच्या घराचे कागद बाहेर काढावे, त्यांवर कोणाची नावे आहेत आणि कोणाची असावयास हवीत हे पाहावे, आणि प्रारंभ तेथूनच करावा.